१.९ मोठा की १.१०?

गणिताच्या तासाला तुम्ही १.९ मोठा म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. परंतु हेच आकडे सॉफ्टवेअरवर असतील, तर १.१० ही नंतरची आवृत्ती होय. तेथील टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. नऊनंतर दहा, इतकेच.

डेबियन हा १९९३ साली सुरू झालेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. २००४ पासूनची उबुंटू ही प्रणाली आपली बहुतेक पॅकेजे त्याच्याच भांडारातून घेते. डेबियनच्या १.२-३ मध्ये १.२ हा मूळ लेखकाचा क्रमांक आणि ३ डेबियनचा. उबुंटूने त्यात फेरफार केला, तर १.२-३उबुंटू१ होते. (या खुणा मुळात रोमन लिपीत असतात.) डेबियनचे १.२-४ आले, की ते याहून मोठे ठरते. आणि डेबियनकडे १.२ अजून आलेच नसेल तर? मग उबुंटू १.२-०उबुंटू१ लिहिते. ते शून्य मला फार आवडते! डेबियनच्या १.२-१ साठी जागा आधीच राखून ठेवली आहे.

डेबियन १३ मधील पॅकेज जुन्या डेबियन १२ साठी आणायचे झाले, तर १.२-३~बीपीओ१२+१ असे लिहितात. ते लाटेसारखे चिन्ह लावले, की क्रमांक नुसत्या १.२-३ पेक्षाही लहान होतो. म्हणून पुढे डेबियन १३ बसवताना तेथील अस्सल पॅकेज आपोआप त्याची जागा घेते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? संगणक अद्ययावत करणारा प्रोग्रॅम पॅकेजच्या आत डोकावत नाही. एरवी मोठा क्रमांक म्हणजे नवे, एवढेच तो जाणतो. समजा, शाळेच्या संगणकांसाठी कोणी डेबियनचे पॅकेज घेतले आणि आपलेच टिकावे म्हणून त्याला १.२-९९ क्रमांक दिला. महिन्याभराने सुरक्षेतील भोक बुजवणारे १.२-४ आले. संगणक ते घेणारच नाही. त्याच्यापाशी ९९ आहे ना! भोक तसेच राहील, आणि पडद्यावर चुकीची खूणही दिसणार नाही.

यावर काही जण क्रमांकाआधी '१:' लावतात. त्यामुळे १:०.१ हे ९९ पेक्षाही मोठे ठरते. आणणाऱ्याने हा उपाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते '१:' पुढे काढता येत नाही. काढले की क्रमांक लहान झालाच. आणि मूळ भांडाराने ते लावलेले नसेल, तर तेथील कोणताही क्रमांक तुमच्या पुढे जाणार नाही.

आता हे चार चढत्या क्रमाने लावा पाहू: १.२-१, १.२-१उबुंटू१, १.२-०उबुंटू१, १.२-१~बीपीओ१२+१.