काळ्या मातीतले जळके ऑइल : वारंगा फाट्याचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली
प्रत : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, ग्रामपंचायत

विषय : ऑइलने नासलेली माती उचलून न नेता जिवाणूंच्या साहाय्याने जागेवरच शुद्ध करण्याबाबत.

महोदय,

अकोला–नांदेड आणि नागपूर–तुळजापूर हे महामार्ग वारंग्याला मिळतात. ट्रक थांबतो, ऑइल बदलतो, निघून जातो. जळके ऑइल इथेच राहते. आम्ही गॅरेजवाले आणि लगतचे शेतकरी हे पत्र मिळून देत आहोत. सांडणारा आणि सोसणारा यांच्यात इथे फक्त बांध आहे.

जमीन मुळातच काळी, त्यामुळे डाग नजरेत भरत नाही. गॅरेजमागच्या मूठभर मातीवर पाणी टाकले की कळते : ते मुरत नाही, अळूच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळते. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ऑइल त्या वाटेने खाली उतरते. वरची वीतभर माती ट्रॉलीत भरून दुसऱ्याच्या पडीक रानात टाकली, तर त्याला सफाई कोण म्हणेल?

इलाज नवा नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे धडकली. तेलाने माखलेल्या किनाऱ्यावर तेव्हा टेरी संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण वापरले गेले. तेलातला कार्बन हे या जिवाणूंचे खाद्य. जोडीला नत्र, स्फुरद, ओल आणि हवा लागते. आमच्याकडे घोडे अडते ते हवेपाशी. चिकण माती भिजली की कोंडते. म्हणून भुसकट, शेणखत मिसळून वाफे करावे लागतील, ते वरचेवर उलथावे लागतील, पावसात झाकावे लागतील. काम महिन्यांचे आहे, आठवड्याचे नव्हे.

पहिली मागणी तपासणीची. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातूही असतात आणि धातू कोणताही जिवाणू खाऊन संपवत नाही. माती व विहिरींचे नमुने नांदेडच्या किंवा परभणीच्या विद्यापीठाकडून तेल, शिसे आणि जस्त यांसाठी तपासून घ्यावेत. धातू जास्त निघतील तिथे वेगळा उपाय योजावा.

दुसरे, सरसकट कंत्राट काढण्याआधी एकाच जागी प्रयोग करावा : अर्ध्या वाफ्यात बाहेरचे जिवाणू, अर्ध्यात नुसते खत आणि उलथणी. तेल खाणारे जिवाणू मातीत मुळातही असतात. 1989 मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’च्या गळतीनंतर किनाऱ्यावर खतच टाकले होते. तेव्हा बाटलीबंद जिवाणूंचे बिल तेलाचे प्रमाण घटल्याचा अहवाल आल्यावरच द्यावे.

आणि हे सगळे गळती थांबली तरच. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. इथे मात्र सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला कोणी डबा नेला तर नेला, नाहीतर नाली. ग्रामपंचायतीने पक्का ओटा व झाकणाचे ड्रम द्यावेत. मंडळाने अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याची गाडी ठरल्या दिवशी पाठवावी. त्यानंतरही जो गॅरेजवाला नालीत ओतेल, त्याला खुशाल दंड करा. आम्ही मध्ये पडणार नाही.

बैठक कचेरीत नको, फाट्यावरच घ्यावी. खिचडीची सोय आमच्याकडे.

आपले,
वारंगा फाटा परिसरातील गॅरेजचालक व शेतकरी