धडगावच्या वाटेला अलॉय कशाला?

धडगाव, तोरणमाळ किंवा नर्मदाकाठचे पाडे, कुठेही गाडी न्यायची म्हटली की शहरातले जाणकार आधी चाकांवर घसरतात. रुंद टायर टाका, १८ इंची अलॉय बसवा, पुढे लोखंडी गार्ड लावा, टपावर लाईटची पट्टी चढवा. नाहीतर सातपुडा झेपायचा नाही. हा सल्ला सपशेल चुकीचा आहे, आणि घाटात तो जिवावर बेतू शकतो.

आधी उंचीचा मुद्दा, कारण तो सगळ्यांना पटतो. बोलेरोचं मूळ माप २१५/७५ आर १५. त्याजागी २३५/७५ टाकलं तर चाकाचा व्यास तीन सेंटिमीटर वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी. या दीड सेंटिमीटरपायी चढाला ओढ कमी होते, उतारावर इंजिनचा ब्रेक ढिला पडतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२-६३ ने धावत असते. चांदसैली घाटात भरली गाडी दुसऱ्या गिअरवर उतरवणाऱ्याला यातला फरक विचारा. टायर घासू नये म्हणून मग स्पेसर येतो, आणि त्याचा भार बेअरिंगवर जातो.

अलॉयचं तर समर्थनच होत नाही. सातपुड्याचा दगड बेसाल्टचा. फुटलेल्या खडीला धार असते आणि ती टायरला बगलेत कापते. मूळ टायरची बगल सोळा सेंटिमीटर उंच असते. तेवढ्याच व्यासाच्या चाकात १८ इंची रिम घातली की उरते जेमतेम बारा. खड्ड्याचा दणका मग थेट रिमला बसतो. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून गावापर्यंत तरी येता येतं; अलॉयला तडा गेला की गाडी तिथेच उभी.

गार्डबद्दल वादच नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत. या रस्त्यांच्या कडेने आश्रमशाळेची पोरं चालतात, मोळी घेतलेल्या बाया चालतात. त्यांच्या अंगावर लोखंड रोखून हिंडायचा हक्क कुणालाच नाही. टपावरची ती पट्टी धुक्यात आपलेच डोळे दिपवते आणि वळणावर समोरच्याला आंधळं करते.

मग करायचं काय? मूळ मापाचंच, पण डांबर आणि खडी दोन्हींवर चालणारं एटी टायर घ्या. जाड खाचांचं एमटी टायर चिखलात पकड देतं हे खरं. पावसाळ्यात रोज पाड्यावर जाणाऱ्या गाडीला ते जरूर घालावं. पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते, आणि पाहुण्यांचा बहुतेक प्रवास डांबरावरच होतो. चेंबरखाली जाड पत्र्याचा गार्ड हवाच, कारण दगडावर चेंबर फुटलं की सगळं ऑइल रस्त्यावर. पुढे-मागे ओढायचे पक्के हूक, पूर्ण मापाची स्टेपनी, हवेचा पंप आणि गेज सोबत ठेवा. चिखलात हवा उतरवलीत तर डांबर लागताच परत भरा.

पावसाळ्यात दरडी कोसळून हे घाट बंद पडतात. तेव्हा कुठलंही चाक कामाचं नाही, थांबावंच लागतं. अलॉयसाठी बाजूला काढलेले पैसे यंदा चार चांगल्या टायरांवर आणि ब्रेकवर घाला.