बुद्धवंदना म्हणणारा प्रत्येक उमेदवार आपला नव्हे

वर्षावासातील एक प्रवचन आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर चहा घेताना एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला सुनावले, "वकीलसाहेब, श्रीलंकेत एक खरा बौद्ध राजा झाला होता. त्यालाही लोकांनी पळवून लावले." त्यांचा रोख गोटाबाया राजपक्षे यांच्याकडे होता. हे गृहस्थ श्रीलंकेची यात्रा करून आलेले. अनुराधपुरच्या बोधिवृक्षाखाली त्यांनी वंदना घेतली होती आणि स्तूपासमोर हात जोडून उभ्या असलेल्या राजपक्षे यांचा फोटो त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण असा माणूस असे बोलतो आणि भोवती बसलेले चार तरुण माना डोलावतात, तेव्हा गप्प बसणे आम्हाला शक्य नाही.

पडलेल्या माणसाला पुन्हा काय मारायचे, असे कोणी म्हणेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. पेट्रोलपंपावर मैलभर रांगा लागल्या, दवाखान्यांत औषधे उरली नाहीत, एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्ज फेडणे थांबवले, जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि साहेब आधी मालदीवला, तिथून सिंगापूरला गेले. म्हणून ते नालायक ठरले, असे जग म्हणते. मग तिजोरी भरलेली असती तर ते लायक होते काय? आमचे स्पष्ट मत आहे की १६ नोव्हेंबर २०१९ रोजी मतदान झाले त्या दिवशी त्यांच्याविषयी जेवढे माहीत होते, तेवढ्यावरूनच हा उमेदवार त्या पदाला अपात्र होता. पुढे जे झाले तो नुसता पुरावा.

काय माहीत होते? २००५ ते २०१५ ही दहा वर्षे ते संरक्षण सचिव होते. एका मतानेही निवडून न आलेले. थोरले बंधू महिंदा राष्ट्राध्यक्ष, एवढीच पात्रता. त्यांच्याच कारकिर्दीत मे २००९ मध्ये तमिळ वाघांबरोबरचे युद्ध संपले. वाघांविषयी आम्हाला प्रेम नाही. त्यांनी लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या, आपल्याच लोकांना ढाल करून पुढे ठेवले, आणि नीलन तिरुचेल्वम यांच्यासारख्या तमिळ घटनातज्ज्ञाला १९९९ मध्ये आत्मघाती हल्ल्यात ठार केले. पण शत्रू क्रूर होता म्हणून सरकारला सर्व काही माफ होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. ज्या पट्ट्याला सरकारने स्वतः सुरक्षित क्षेत्र म्हटले होते, तिथे आणि रुग्णालयांवरही तोफांचा मारा झाल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत, आणि शेवटच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत सामान्य नागरिक मेले असणे शक्य आहे, असे त्या समितीने नोंदवले. सरकारने तो अहवाल झिडकारला.

जानेवारी २००९ मध्ये लसंता विक्रमतुंगे या संपादकाचा कोलंबोत भररस्त्यात खून झाला. संरक्षण खात्याच्या मिग विमान खरेदीवर त्यांच्या 'संडे लीडर'ने लिहिले होते. जून २०१० मध्ये बीबीसीच्या मुलाखतकाराने विचारले की माजी लष्करप्रमुख सरत फोन्सेका यांनी युद्धगुन्ह्यांविषयी साक्ष दिली तर? त्यांना फासावर देऊ, असे हे सचिव महाशय कॅमेऱ्यासमोर बोलले. साक्ष देणाऱ्याला फाशी! एखादा फौजदार कोर्टाच्या आवारात असे बोलला असता तर त्याची वर्दी उतरली असती. आणि ऑगस्ट २०१३ मध्ये वेलिवेरिया येथे कारखान्यामुळे विहिरींचे पाणी नासले म्हणून शुद्ध पाणी मागायला रस्त्यावर आलेल्या गावकऱ्यांवर लष्कर सोडण्यात आले. गोळीबारात तिघे मेले. हे गावकरी तमिळ नव्हते, सिंहली होते. ज्यांचा इतिहास चवदार तळ्यापासून सुरू होतो आणि ज्यांनी ११ जुलै १९९७ चा रमाबाई नगरचा गोळीबार पाहिला, त्या आम्हाला ही बातमी परक्या देशाची कशी वाटावी?

इथे आमच्यातला वकील आम्हालाच अडवतो. विक्रमतुंगे यांच्या खुनाशी आपला संबंध नाही, असे राजपक्षे यांनी सतत सांगितले आहे आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना त्यात किंवा युद्धगुन्ह्यांत दोषी ठरवलेले नाही. पुराव्याशिवाय कोणालाही गुन्हेगार म्हणायचे नाही, हे आमच्या व्यवसायाचे व्रत आहे. ते आम्ही मोडणार नाही. पण दोषी नसणे आणि लायक असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. तो मिळायलाच हवा, कारण तिथे त्याचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. राष्ट्राध्यक्षपद मागणाऱ्या उमेदवाराचे काय पणाला लागते? फार तर तो घरी बसेल. उलट देशाचे सगळे स्वातंत्र्य त्याच्या हाती जायचे असते. आपल्याकडे गावचा पोलीस पाटील नेमायचा तरी चारित्र्याचा दाखला पाहतात.

त्यातही श्रीलंकेची घटना अशी की राष्ट्राध्यक्ष झाला की त्याच्यावर खटलाच चालत नाही. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा राजपक्षे यांच्यावर कोलंबोच्या विशेष न्यायालयात एक फौजदारी खटला चालू होता. मेदमुलन येथे आईवडिलांचे स्मारक बांधताना सुमारे तीन कोटी ३९ लाख रुपयांचा सरकारी पैसा वापरल्याचा तो आरोप. निकाल लागला काय? नाही. मतदानानंतर पाचव्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्षपदाच्या संरक्षणामुळे त्यांना त्या खटल्यातून मोकळे करण्यात आले. निर्दोष म्हणून नव्हे, खुर्चीवर बसले म्हणून. ज्याला खुर्चीची गरज राज्य करण्याइतकीच कोर्ट चुकवण्यासाठीही भासावी, त्याला त्या खुर्चीजवळ फिरकू देऊ नये, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकी पद्धतीचा अध्यक्ष आपल्याला का नको, हे समजावून सांगितले. स्थैर्य आणि जबाबदारी यांपैकी आपल्या मसुद्याने जबाबदारी निवडली आहे, आणि सरकारचा हिशेब पाच वर्षांनी एकदा नव्हे तर सभागृहात रोज व्हायला हवा, अशी ती भूमिका होती. श्रीलंकेने १९७८ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांमध्ये स्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसे मेली, आणि घाबरलेल्या देशाला 'खंबीर पुरुष' हवा झाला. तो पुरुष कमळाची कळी हे चिन्ह घेऊन उभा राहिला. (कमळ म्हटले की आमच्या वाचकांना काय आठवते ते सांगायला नको.) भक्तीची लाट तिथेही अशीच आली.

आता धम्माचा प्रश्न. आमच्या त्या ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या मोबाइलमधला फोटो रुवनवेलिसाय स्तूपाचा आहे. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी राजपक्षे यांनी शपथ घेतली ती इथेच. हे ठिकाण सहज निवडलेले नव्हते. हा स्तूप दुट्ठगामणी राजाने बांधला, आणि तमिळ राजा एळाराला मारून लंका 'एक' करणारा म्हणून सिंहली अभिमान त्याला पूजतो. महावंस या ग्रंथात त्याची कथा आहे. युद्धात असंख्य माणसे मारल्याने राजाला झोप येईना, तेव्हा काही अर्हत आले आणि त्यांनी त्याचे समाधान केले की तू फक्त दीडच माणूस मारलास. एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील घेतलेला. बाकीचे पशूंसारखे.

दीड माणूस! हे वाचताना आम्हाला मनुस्मृतीची आठवण झाली, तर धम्मबांधवांनी रागावू नये. माणसांची अशी मोजणी करणारे अर्हत असू शकत नाहीत. हा बुद्धाचा विचार नाही, राजाला हवा तसा लिहिलेला इतिहास आहे. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. समोरचा बौद्ध आहे का, हे त्यात विचारलेले नाही. आणि त्या स्तूपासमोरच्या भाषणात नवे राष्ट्राध्यक्ष काय बोलले? केवळ सिंहली बहुसंख्याकांच्या बळावर आपण जिंकू शकतो हे आपल्याला ठाऊक होते. तमिळ आणि मुस्लिमांनाही सोबत येण्याचे आवाहन केले, पण अपेक्षेइतका प्रतिसाद मिळाला नाही, असे. आपण सर्वांचे राष्ट्राध्यक्ष आहोत, असेही त्यांनी पुढे सांगितले. ते नोंदवणे न्यायाचे आहे. पण मते मोजण्याची त्यांची रीत आधी कळून चुकली होती. त्यांना ५२.२५ टक्के मते मिळाली. जाफना जिल्ह्यात मात्र ८० टक्क्यांहून अधिक मते प्रतिस्पर्धी सजित प्रेमदासा यांच्याकडे गेली. बाबासाहेब सांगत की राजकीय बहुमत बनते आणि मोडते, जातीय बहुमत जन्मालाच येते. जन्माने आलेल्या बहुमताच्या जिवावर निवडून येणे याला आम्ही लोकशाही म्हणत नाही, इथेही आणि तिथेही.

एक योगायोग आम्हाला नेहमी अस्वस्थ करतो. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्याच वर्षी, बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीचा उत्साह असताना, श्रीलंकेत बंडारनायके सरकारने सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा केला आणि तमिळ एका रात्रीत स्वतःच्या देशात परके झाले. इथे धम्म माणसाला जोडायला आला, तिथे तो झेंड्याच्या काठीला बांधला गेला. १९५९ मध्ये त्याच बंडारनायके यांच्यावर एका भिक्खूने गोळ्या झाडल्या. बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्या देशात जाऊन आले होते, तिथल्या धम्माविषयी त्यांना आस्था होती. पण स्वतः घटना लिहिताना त्यांनी कोणत्याही धर्माला अग्रस्थान दिले नाही. श्रीलंकेच्या घटनेत बौद्ध धर्माला ते आहे. तरीही तिथल्या सियाम निकायात परंपरेने गोविगाम जातीखेरीज इतरांना उपसंपदा मिळत नाही. चीवर घातले तरी जात सुटत नसेल तर त्या अग्रस्थानाचे काय लोणचे घालायचे?

उमेदवाराची लायकी पुढे कशी उघडी पडली ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर २००० मध्ये मिरुसुविल येथे पाच वर्षांच्या बालकासह आठ तमिळांना मारणाऱ्या सैनिकाला फाशीची शिक्षा झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली होती. मार्च २०२० मध्ये, सगळे जग करोनाने घरात बसलेले असताना, राजपक्षे यांनी त्याला माफी देऊन सोडले. खुनात फाशी झालेल्या एका माजी खासदारालाही २०२१ मध्ये माफी दिली. ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली. करोनाने मेलेल्या मुस्लिमांचे दफन नाकारून सक्तीने दहन केले गेले, वीस दिवसांच्या बाळाचेसुद्धा, आईबापांचा विरोध असताना. दफनाने विषाणू पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. २०२० साली घटनादुरुस्ती करून साऱ्या सत्ता स्वतःकडे ओढल्या, भाऊ पंतप्रधान, दुसरा भाऊ अर्थमंत्री. २०२१ मध्ये रातोरात रासायनिक खतांवर बंदी घातली आणि भाताची शेती बसली. त्यानंतर जी सिंहली जनता रस्त्यावर आली, ती तीच, जिला खंबीर पुरुष हवा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोटाबाया, महिंदा आणि इतरांना आर्थिक दिवाळखोरीबद्दल जबाबदार धरले. पैशाचा निकाल लागला. माणसांचा अजून नाही.

त्या माणसांच्या आया फेब्रुवारी २०१७ पासून वावुनिया आणि किलिनोच्ची येथे रस्त्याच्या कडेला मुलांचे फोटो घेऊन बसू लागल्या. युद्धाच्या शेवटी त्यांच्यातल्या कित्येकींनी आपली मुले स्वतःच्या हाताने लष्कराच्या स्वाधीन केली होती. जानेवारी २०२० मध्ये राजपक्षे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीला सांगून टाकले की बेपत्ता माणसे खरे तर मेलेली आहेत, मृत्यूचे दाखले देण्याची व्यवस्था करू. वकिली करताना असा दाखला आम्हीही लोकांना मिळवून दिला आहे. वारसाहक्कासाठी तो लागतो. त्या आयांना वारसाहक्क नको होता. पोरगा कोणाच्या ताब्यात दिला होता आणि त्याने त्याचे काय केले, एवढे त्यांना विचारायचे होते. उत्तराची वाट पाहता पाहता त्यांच्यातल्या अनेक जणी मरून गेल्या.

आमच्या कार्यकर्त्याला आम्ही एवढेच विचारले, की दादा, यात्रेत वावुनियाला गेला होतात काय? अनुराधपुरहून उत्तरेला तास-दीड तासाचा रस्ता आहे. ते म्हणाले, नाही, बस तिकडे जात नाही.