फुकटाचा फतवा

अलीकडे आपल्याकडे एक नवाच मुफ्ती उदयास आला आहे. तो ना देवबंदला शिकला, ना कैरोला; खिशात मोबाईल आहे, एवढीच त्याची विद्या. नव्या कादंबरीची पीडीएफ, परवा लागलेला चित्रपट, हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर, सारे फुकट उतरवून घ्यावे आणि कोणी हटकलेच तर बजावावे, "इस्लाममध्ये याला चोरी म्हणत नाहीत!"

या वाक्यात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते घातक. ज्या चोरीला हात तोडण्याची शिक्षा सांगितली आहे, तिची शास्त्रातील व्याख्या फार काटेकोर आहे. वस्तू राखणीच्या जागेतून, गुपचूप नेलेली हवी आणि तिचे मोलही ठराविक मर्यादेचे हवे. नकलेने मूळ प्रत जागची हलत नाही. ती या व्याख्येत बसणे कठीण, हे मला कबूल आहे. पण हात तुटत नाही म्हणून कृत्य हलाल ठरते, हे कोणत्या मदरशात शिकवतात? व्याज खाणाऱ्याचा आणि वजनात मारणाऱ्याचाही हात तोडत नाहीत. म्हणून ती काय पुण्यकर्मे झाली?

मूळ वाद मात्र जुना आणि प्रामाणिक आहे. जुन्या हनफी पंडितांच्या मते 'माल' म्हणजे हाती धरता येईल, साठवता येईल अशी वस्तू. लेखकाचा हक्क काही गोणीत भरता येत नाही. शिवाय विद्या दडवणे हे मोठे पाप. मुफ्ती महंमद शफी यांच्यासारख्या थोर विद्वानाने ग्रंथाचे हक्क राखून ठेवण्यास विरोध केला होता. तर त्यांचेच चिरंजीव मुफ्ती तकी उस्मानी यांनी तो हक्क मान्य केला! शाफई मताप्रमाणे तर वस्तूच्या उपयोगालाही मालाची किंमत आहे. आणि आपला कोकणी मुसलमान बहुतांशी शाफईच, हे तिकडच्या मोबाईलबहाद्दरांनी ध्यानात घ्यावे. १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठरावच केला, की लेखन, शोध, व्यापारचिन्ह यांवरील हक्क शरीयतने रक्षिलेले आहेत. त्यांवर आक्रमण करता येणार नाही.

मग दुसरी पळवाट निघते: "कंपनी परधर्मीयांची, तिचे एवढे काय?" वाचकहो, हे ऐकून मात्र माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इ. स. ६२२ मध्ये पैगंबरसाहेबांनी मक्का सोडली, तेव्हा त्यांच्या जिवावर उठले होते ते मक्केचेच लोक. त्याच मक्केकरांच्या ठेवी त्यांच्यापाशी होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले. शत्रूची ठेव परत करणाऱ्याच्या नावाने परक्याचा माल ढापायचा, म्हणजे धारिष्ट्याची कमाल झाली!

राहिला गरीब विद्यार्थी. त्याच्यापुढे माझा आवाज खाली येतो. पुस्तकाच्या किमती ठरवणाऱ्यांना वर्गातली मुले दिसत नाहीत, हे शिक्षक या नात्याने मी रोज पाहतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील उताऱ्यांच्या झेरॉक्स काढण्याला कायद्याचा आधार आहे असे ठरवले, त्याचा मला आनंदच झाला. निकड शास्त्रालाही कळते. परंतु उस्मानी तुर्कांच्या 'मजल्ला' या संहितेत तिची मर्यादाही सांगितली आहे: निकडीने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. उपाशी माणसाने परक्याची भाकरी खाल्ली तर जीव वाचवल्याचा दोष नाही. पण भाकरीचे मोल देणे उरतेच. आणि परीक्षेचे पुस्तक ही भाकरी म्हणता येईल. शुक्रवारचा चित्रपट कोणाची भूक भागवतो?

एवढे वाचून आमच्या हिंदू वाचकांनी मिशीत हसू नये. हाच अंक भाऊबीजेच्या आत व्हॉट्सॲपवर फिरू लागेल, आणि तो फिरवणाऱ्यांत बहुसंख्य कोण असतील हे मी सांगायला नको. त्यांना तर फतव्याचीही गरज भासत नाही.