‘जागा संपली’ म्हणजे नेमके काय संपले?



संगणक-प्रयोगशाळेत तुम्ही वर्षभराचा प्रकल्प पुरा करीत आहात. फाइल साठवू जाता आणि पडद्यावर संदेश येतो : ‘तुमचा कोटा संपला.’ अशा वेळी बहुतेक जण काय करतात? दिसेल ती फाइल पुसून टाकतात. माझ्या मते ही घाई फार घातक आहे. जागा पुन्हा मिळते. पुसलेले काम पुन्हा मिळेलच असे नाही.

प्रयोगशाळेतील सर्वांच्या फाइली पुष्कळदा एकाच मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, असतात. वाड्यातला हौद एक आणि बिऱ्हाडे अनेक, तसाच हा प्रकार. एकानेच सारे पाणी उपसू नये म्हणून प्रत्येकाचा वाटा ठरवतात. तोच कोटा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात रॉबर्ट एल्झ यांनी युनिक्ससाठी अशी योजना तयार केली आणि १९८३ साली ती ४.२ बीएसडी या आवृत्तीत आली.

यात दोन मर्यादा असतात. सौम्य मर्यादा ओलांडली की इशारा मिळतो आणि आवराआवरीसाठी मुदत मिळते; ती पुष्कळदा सात दिवसांची असते. कठोर मर्यादेपुढे मात्र काहीच लिहिता येत नाही. मुदत उलटली, तर सौम्य मर्यादाही कठोर होते. म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका.

मग दोष शोधावा कसा? प्रथम संदेश नीट वाचा. ‘कोटा संपला’ आणि ‘डिस्कवर जागा नाही’ ही दोन निराळी दुखणी आहेत. दुसऱ्यात सगळा हौदच आटलेला असतो! नंतर पाहा : मर्यादा आकारमानाची ओलांडली, की फाइलींच्या संख्येची? दोन्हींना मर्यादा असू शकते. शिवाय पुष्कळ प्रणालींत एका अक्षराची फाइलसुद्धा ४०९६ बाइटांची जागा अडवते. अशा १०,००० फाइली चार कोटींहून अधिक बाइट खातात. फाइल पुसूनही जागा सुटली नाही, तर एखादा चालू प्रोग्रॅम ती उघडी धरून बसलेला असू शकेल.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे : कोटा जरूर ठेवा, पण कोणाचा किती वापर झाला हे प्रत्येकाला सहज दिसू द्या. मोजमाप न दाखवता घातलेली मर्यादा शिक्षेसारखी वाटते.

आणि मित्रांनो, तुम्ही आधी मोजा, कारण शोधा, मगच पुसा. विज्ञानाची रीतही हीच आहे, नाही का?