नाक्यावरचा नियम चालकाच्या भाषेत केव्हा?

राजभाषेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती विधानसभेची, शाळांच्या माध्यमाची आणि दुकानांवरच्या फलकांची. पत्रादेवीच्या नाक्यावर रात्री दोन वाजता थांबवलेल्या ट्रकचालकाला कोणत्या भाषेत काय सांगितले जाते, हा प्रश्न कोणी भाषेचा मानीत नाही. आम्ही मानतो, आणि तो आजच हाती घ्यावा असे आम्हांस वाटते. त्याचे कारण असे, की ट्रकचालकांच्या कामाचे तास यंत्राने नोंदवण्याचा विचार आता दूरच्या देशांपुरता राहिलेला नाही. वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत आणि झोप ओळखणारी यंत्रे गाडीत बसवावीत, असा विचार केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्येच मांडला होता. अपघातांची संख्या पाहता त्या विचाराला विरोध करण्याचे कारण नाही.

मुळात तासांचा नियम आपल्याकडे नवा नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हवी, आणि लांबच्या मार्गावर परवानगी घेऊनही दहा तासांपलीकडे जाता येत नाही, असेही त्यात होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ याच कायद्याकडे बोट दाखवीत असे. तो कायदा आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला आहे, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि आठ तासांचे तत्त्व कायम राहिले. परंतु १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता. डिचोली तालुक्यात ट्रकाचा मालक हाच पुष्कळदा त्याचा चालक! त्याचे तास मोजणार कोण आणि कशाने?

खरी मेख पुढेच आहे. खाणीवरून सारमानसच्या जेटीकडे निघालेला ट्रक रांगेत उभा राहतो. चालक चाकामागेच बसलेला असतो, कारण रांग केव्हा सरकेल याचा नेम नाही. ही वेळ कामाची की विश्रांतीची? थांब्यावरची पंधरा मिनिटांहून कमी हजेरी कामाच्या तासांत धरावी, असे कायदा म्हणत आला. त्याहून जास्त वेळ गेला तर? चालक गाडीजवळ अडकून आहे पण काम करीत नाही, अशी वेळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती समजावी, हे ठरवण्याची मुभा कलम ९१ राज्य सरकारला देते. मराठीत अशा वेळेला ‘खोळंबा’ असा चपखल शब्द आहे, आणि खोळंबा म्हणजे विश्रांती असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. यंत्राला मात्र चाके फिरली की थांबली एवढेच कळते. खनिज वाहतुकीच्या ट्रकांवर जागा दाखवणारी यंत्रे आहेतच. त्यांचा उपयोग माल कुठे गेला हे पाहण्यासाठी होतो. उद्या तीच नोंद तासांसाठी वापरली गेली, तर दोन तासांच्या रांगेला ती ‘विश्रांती’ म्हणून मोकळी होईल.

बाहेरचे अनुभव पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांवर तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. त्याबरोबर रस्त्यावरच्या तपासणीचे नियमही बारकाईने लिहिले गेले. यंत्र कसे वापरावे, तपासनिसाला नोंद कशी दाखवावी व पाठवावी, यंत्र बिघडले तर काय करावे, हे सांगणारे कागद गाडीत असावे लागतात, शिवाय आठ दिवस पुरतील एवढे कोरे नोंदतक्तेही. बिघाड झाला तर चालकाने चोवीस तासांत मालकाला कळवायचे आणि नोंद हाताने लिहायची. म्हणजे यंत्र बंद पडले एवढ्यावरून चालक गुन्हेगार ठरत नाही.

युरोपने आणखी सोपी वाट काढली. तेथील नोंदयंत्रावर अक्षरांऐवजी चित्रे आहेत: गाडी चालवण्यासाठी सुकाणू, इतर कामासाठी दोन हातोडे, विश्रांतीसाठी खाट. पोलंडचा चालक स्पेनच्या पोलिसापुढे उभा राहिला तरी खाटेचा अर्थ दोघांनाही तोच. आपल्या रस्त्यांवर कर्नाटकचा, उत्तर प्रदेशचा, सिंधुदुर्गचा असे सर्व चालक येतात. त्यांच्यासाठी याहून सोयीचे काय असणार? याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत २०२५ च्या जूनपासून इंग्रजी पुरेसे येत नसलेल्या चालकाला तपासणीतच पुढे जाण्यास मनाई होऊ लागली. तेथे भाषा चालकाने शिकायची. येथे निदान नियमाने तरी चालकाची भाषा शिकावी.

कागदांच्या बाबतीत आपल्याकडे काय घडले ते पाहा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, परवाना किंवा नोंदणीपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपात वैध आढळले तर छापील प्रत मागता येत नाही. तपासणीची वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळखही सरकारी संगणकावर नोंदवायची आहे. चालकाच्या बाजूचा एवढा चांगला नियम पेडण्यातल्या किती चालकांना ठाऊक आहे? आमचा एक जुना विद्यार्थी गेली बारा वर्षे ट्रक चालवतो. गेल्या पावसाळ्यात एका नाक्यावर त्याला तालांव मिळाला आणि मोबाइलवर इंग्रजी संदेश आला. ‘सर, यात काय लिहिलंय?’ म्हणत तो घरी आला. दंड कशाबद्दल हे आम्ही वाचून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘तो कागद माझ्याकडे मोबाइलवर होता, पण दाखवला तर चालतो हे मला कुठं माहीत!’ सातवीत आमच्याकडून मराठी निबंधाला शाबासकी मिळवलेला हा मुलगा. निरक्षर तो नव्हे!

राजभाषा कायदा १९८७ चा. त्याने कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे सरकारचे धोरणही आहे. येथे कोकणी-मराठीचा वाद उकरण्याचा आमचा हेतू नाही. दोन्ही भाषांची लिपी देवनागीच असल्याने एका फलकावर दोन्ही सहज मावतात. नाक्यावरच्या पोलिसाचीही यात सोय आहे, कारण इंग्रजी परिपत्रकाचा अर्थ त्यालाही रस्त्यात उभे राहूनच लावावा लागतो.

म्हणून आमच्या समितीने वाहतूक खात्याला पत्र लिहिले आहे. पत्रादेवी व दोडामार्गच्या नाक्यांवर आजचे कागदतपासणीचे नियम मराठी-कोकणीत लावावेत. तासांचे यंत्र येईल तेव्हा त्याच्या पडद्यावर चित्रे आणि देवनागरी असावी. रांगेतला खोळंबा चालकाला स्वतः नोंदवता यावा, आणि बिघाडाची जबाबदारी कोणाची हे आधी ठरावे. या चार मागण्यांपैकी पहिलीला रंगाचा एक डबा आणि एक दिवस पुरेल. पेडणे-डिचोलीतील ज्या चालकांना न समजलेले तालांव मिळाले असतील, त्यांनी त्यांच्या प्रती रविवारी सकाळी समितीच्या बैठकीत आणून द्याव्यात. त्या पत्राला जोडायच्या आहेत.