पलीकडचं बेट

खुल्या जगाचे मोठे गेम घडवणाऱ्या स्टुडिओंचे प्रमुख आणि रचनाकार यांस,



2003 साली सांगलीतल्या आमच्या सायबर कॅफेत सहा कॉम्प्युटर होते आणि त्यांतल्या चारांवर कायम ‘जीटीए व्हाइस सिटी’ चालू असायचा. तासाला पंधरा रुपये. मी आठवीत होतो. मामेभाऊ कीबोर्ड धरायचा (त्याला मी दादा म्हणतो) आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून आणलेले चीट कोड एकेक अक्षर वाचून दाखवायचो. इंग्रजी संवाद आम्हांला फारसे कळत नसत, त्यामुळे मिशन काय आहे हे निम्मं अंदाजानंच चालायचं. पण ते शहर पुरतं कळायचं. संध्याकाळी गुलाबी होणारं आकाश, किनाऱ्यालगतचा लांबलचक रस्ता, गाडीत बसलं की रेडिओवर सुरू होणारी, आयुष्यात कधी न ऐकलेली गाणी. आणि पूल. गेम सुरू होतो तेव्हा वादळाच्या इशाऱ्यामुळे ते बंद असतात. पलीकडचं बेट समोर दिसतं, तिथल्या इमारतींचे दिवे दिसतात, जाता येत नाही. आम्ही रोज मोटरसायकल घेऊन त्या अडथळ्यापर्यंत जायचो, थोडा वेळ थांबायचो आणि मागे फिरायचो.

मग एका कॉलेजातल्या मुलानं बरीच मिशन पार केलेला आपला सेव्ह आमच्यासाठी उघडून दिला. पूल मोकळा होता. त्या दिवशी आम्ही तासभर नुसते पलीकडे फिरलो. एकही मिशन केलं नाही. टाइम संपल्याचा आवाज आला तेव्हा दादानं गाडी समुद्राकडे तोंड करून लावली आणि मगच उठला.

हे सगळं सांगायचं कारण, मी तुमच्या गेमची वाट पाहणारा माणूस आहे आणि वाट पाहण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. ती तुमच्यापर्यंत नीट पोहोचावी म्हणून हे पत्र.

‘जीटीए 6’चा पहिला ट्रेलर आला तेव्हा आपल्याकडे 5 डिसेंबर 2023ची पहाट होती. दादा आता चाकणच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. रात्रपाळीवरून घरी जाता जाता त्यानं फोन करून मला उठवलं आणि एवढंच म्हणाला, “व्हाइस सिटी परत येतेय.” पुढे 2025 म्हणून सांगितलेलं प्रकाशन 26 मे 2026वर गेलं, आणि तिथून 19 नोव्हेंबर 2026वर. लोक चिडले. मी चिडलो नाही. अपुरा गेम बाजारात आणल्यावर काय होतं ते ‘सायबरपंक 2077’नं दाखवलं आहे. 2012मध्ये जाहीर झालेला तो गेम 2020च्या एकाच वर्षात तीनदा पुढे ढकलला, 10 डिसेंबरला आला, आणि आठवडाभरातच सोनीला तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घ्यावा लागला. तो सावरायला पुढची जवळपास तीन वर्षं गेली. तेव्हा वेळ लागत असेल तर घ्या.

मला खटकतो तो या वेळाचा आकार. ‘जीटीए’ मालिकेचीच सालं लावून पाहा. ‘जीटीए 3’ आला 2001च्या ऑक्टोबरात. ‘व्हाइस सिटी’ त्यानंतर एका वर्षात. ‘सॅन अँड्रियास’ आणखी दोन वर्षांनी. चौथा 2008मध्ये, पाचवा 2013मध्ये. आणि सहावा, सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर, तेरा वर्षांनी. आम्ही ज्या शहरावर जीव टाकला ते एका वर्षात उभं राहिलं होतं. गाडीनं या टोकापासून त्या टोकाला जायला काही मिनिटं पुरायची. तरी ते आम्हांला कधी लहान वाटलं नाही.

‘एल्डर स्क्रोल्स’वाल्यांचंही तेच. ‘स्कायरिम’ 2011चा. पुढच्या भागाची अर्ध्या मिनिटाची झलक, डोंगररांग आणि नाव एवढीच, जून 2018मध्ये दाखवली. त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल आता हायस्कुलात आहे आणि गेमला अजून तारीख नाही. असं अर्ध्या मिनिटाचं बोलावणं आठ वर्षं दारात ठेवून देऊ नये. जेवण तयार झालं की पान मांडावं.

हे का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, तुम्ही एका चक्रात अडकला आहात. गेमवर सात-आठ वर्षं आणि अमाप पैसा खर्च झाला की तो लहान ठेवायला कोणी धजत नाही. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला तीस तासांत घरी कसं पाठवायचं, म्हणून शंभर तासांचा ऐवज भरायचा. तो भरायला शेकडो माणसं आणि आणखी वर्षं. वर्षं वाढली की अपेक्षा वाढते, अपेक्षा वाढली की नकाशा वाढतो. आमची उत्कंठा आणि आमचा थकवा ही दोन्ही एकाच चक्रातून निघतात. ट्रेलर पाहताना छाती भरून येते ती ज्या आकारामुळे, त्याच आकारानं चाळिसाव्या तासाला हात जड होतात.

तो थकवा कसा असतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक प्रचंड गेम घेतला. त्याचं नाव इथं नको, कारण गोष्ट एका गेमची नाही. मुलगी झोपली की रात्री साडेदहाला बसायचो. नकाशा उघडला की त्यावर शेकडो खुणा: इथं पेटी, इथं छावणी, इथं शर्यत, इथं कुणाचं तरी हरवलेलं काहीतरी. मी एकेक पुसत गेलो. पन्नासाव्या तासाच्या आसपास लक्षात आलं की मी रस्त्याकडे पाहतच नाही. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशातल्या रेषेकडे पाहत गाडी हाकतो आहे. समोर कलाकारांनी जीव ओतून रंगवलेली दरी होती आणि मी तिच्यातून बाजारात भाजी आणायला जावं तसा जात होतो. मी फिरत नव्हतो, कामं उरकत होतो. ऑफिसातून दमून आल्यावर आणखी एक यादी उरकत होतो. मग मुलगी आजारी पडली, दोन महिने खंड पडला. परत उघडला तेव्हा कुठलं बटण कशाचं ते आठवेना, कथेत कोण कुणाच्या जिवावर उठलं होतं तेही आठवेना. मी तो पुन्हा उघडला नाही. त्यातली एकही जागा आज डोळ्यांपुढे येत नाही, आणि व्हाइस सिटीतलं वळण न् वळण येतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. ती दरी रंगवणाऱ्या माणसाचं काम मी वाया घालवलं.

आठवीतला मुलगा आणि घरसंसारातला माणूस यांत फरक असणारच, असं तुम्ही म्हणाल. असतो. पण सगळा दोष वयाचा असता तर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नं मला तिशीत पुन्हा मूल केलं नसतं.

2017मधला निन्टेंडोचा तो गेम तुम्हां सर्वांना पाठ असेल, म्हणून मला काय भिडलं तेवढंच लिहितो. 2007च्या ‘असॅसिन्स क्रीड’पासून मनोऱ्यावर चढायचं आणि नकाशा उघडायचा ही रीत पडली. पहिल्यांदा ती सुंदर होती. पुढे इतर गेमनी ती उचलली आणि मनोरा चढलं की खुणांचा पाऊस पडू लागला. निन्टेंडोनं मनोरा ठेवला आणि पाऊस थांबवला. वर चढलं की नकाशावर फक्त जमीन उमटते. काय बघायचं ते तुम्ही दुर्बिणीतून शोधा आणि तुमची खूण तुम्हीच लावा. डोंगर त्यांनी त्रिकोणांच्या हिशेबानं रचले, म्हणजे प्रत्येक उतार काहीतरी झाकतो आणि वळसा घातला की ते उघडं करतो. अंतरांचा अंदाज यावा म्हणून दिग्दर्शक फुजिबायाशी यांनी आपल्या क्योतो शहराचा नकाशा त्या जगावर ठेवून पाहिला. पायाखालच्या गावाच्या मापानं जग मोजणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

आमच्याकडे सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. राजगडावर उभं राहिलं की तोरणा दिसतो. मध्ये डोंगराची सोंड पसरलेली असते, आणि पाय आपोआप तिकडे वळतात. तिथं कोणी बाण काढून ठेवलेला नसतो. ‘घोस्ट ऑफ सुशिमा’नं बाणाऐवजी वारा वापरला. गवत ज्या दिशेला झुकेल तिकडे जायचं. त्या गेममध्ये माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यात एकदाही अडकली नाही.

गोळा करायच्या वस्तूंची मोजणी मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये 900 कोरोक बिया लपवलेल्या आहेत. पण त्या कुठे आहेत ते नकाशा आधी सांगत नाही, आणि पिशवी पूर्ण वाढवायला त्यांतल्या निम्म्याही लागत नाहीत. कुणीही कुठंही भटकला तरी वाटेत काहीतरी हाताला लागावं, एवढ्यासाठी त्या तितक्या आहेत. उलट उदाहरण माझ्या लाडक्या ‘विचर 3’चं. त्यातली ब्लडी बॅरनची कथा दहा वर्षांनंतरही माझ्या मनातून जात नाही: दारुडा, बायकोला मारणारा, आणि तरी पोटात कालवाकालव करणारा बाप. त्याच गेममध्ये स्केलिगेच्या समुद्रावर प्रश्नचिन्हं पसरली आहेत. होडी हाकत जायचं, बुडालेली पेटी काढायची, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे. एकाच घरानं शिजवलेलं हे अन्न आहे. बॅरन लिहिण्याची ताकद असलेल्यांनी समुद्र पेट्यांनी का भरावा? मोकळा समुद्र आम्हांला चालला असता. समुद्र तसाच असतो.

त्याच ‘विचर’चं एक कौतुकही करतो. गेम उघडताना थांबावं लागतं तेवढ्या वेळात तो आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन महिन्यांनी परतणाऱ्या आईबापांना ही केवढी सोय आहे, ते तुमच्यातल्या लेकुरवाळ्यांना विचारा.

आता जरा अवघड गोष्ट. हा फुगलेला आकार माणसांच्या अंगावर चढतो. 2018मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’च्या वेळी त्याचे एक लेखक डॅन हाउझर यांनी आठवड्याला 100 तास काम केल्याचं सांगितलं आणि जगभर खळबळ उडाली. नंतर त्यांनी खुलासा केला की ते चार ज्येष्ठ लेखकांपुरतं आणि तीन आठवड्यांपुरतं होतं. ‘सायबरपंक’च्या कंपनीनं सक्तीचं जादा काम नको असं 2019मध्ये म्हटलं होतं. 2020च्या शरदात तिथं सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. तुमच्यातल्या युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत, ‘जीटीए’ करणाऱ्या रॉकस्टारचा बंगळूरला आहे. तिथं आमच्याच गावांतली मुलं-मुली काम करतात. सायबर कॅफेतल्या त्या स्टुलावरूनच उठून काही जण तिथवर पोहोचले असतील. मी पुसलेल्या त्या शेकडो खुणांतली एखादी त्यांच्यापैकी कुणी रात्री अकरा वाजता बसवली असेल, तर तिच्यासाठी त्यानंही जागू नये आणि मीही.

लहान करून दाखवण्याचं धैर्य तुमच्यात आहे, हे आम्ही पाहिलं आहे. युबिसॉफ्टनं ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेत अवाढव्य ‘वल्हाला’नंतर 2023मध्ये ‘मिराज’ आणला: एक बगदाद, आटोपशीर कथा, किंमतही कमी. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020मध्ये ‘राजी’ आणला, तोही काही तासांचा. ‘आउटर वाइल्ड्स’मधली अख्खी सूर्यमाला इतकी छोटी आहे की ग्रहाला पायी प्रदक्षिणा घालता येते, आणि त्यातलं विश्व दर 22 मिनिटांनी संपतं. मला तो ‘स्टारफील्ड’च्या हजारावर ग्रहांपेक्षा विशाल वाटला, कारण त्याच्या प्रत्येक ग्रहावर मला जाण्याचं कारण होतं.

तेव्हा मागणं असं आहे. दोन महाकाय गेमच्या मधल्या दहा वर्षांत एखादं छोटं शहर द्या. एकच बेट द्या, पण त्यावरचा प्रत्येक चहावाला ओळखीचा होऊ द्या. गेम किती तासांचा आहे हे जाहिरातीत अभिमानानं सांगू नका. तास आमचे असतात, आणि ते मुलांच्या झोपेतून, रजांतून, कधी जेवणातून काढलेले असतात. पाच हजारांच्या आसपासची किंमत आम्ही साठवून देऊ. वेळ साठवता येत नाही. खुणा लपवण्याची सोय पर्यायांच्या पाचव्या पानावर पुरू नका. गेमची सुरुवातच खुणांशिवाय करा आणि ज्याला हव्यात त्याला त्या मागू द्या. आणि जग इतकं भरू नका की बंद पुलापाशी गाडी थांबवून पलीकडे बघत राहायला आम्हांला जागाच उरणार नाही.

19 नोव्हेंबरला गुरुवार आहे, भाऊबीज होऊन आठवडा झालेला असेल. दादानं रजेचा अर्ज आत्ताच तयार ठेवला आहे. मी सांगलीहून आदल्या रात्रीच्या गाडीनं त्याच्याकडे जाणार. त्यानं मला एकच अट घातली आहे: पहिल्या दिवशी मिशन नाही. आधी किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं, रेडिओ लावून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्टुलावर बसून कोड वाचणारा एक मुलगा, सांगली